चार शिक्क्यांचं पत्र

४ ऑगस्ट, सोमवार. लॉस एंजेलिस, विमानतळ

ही वही ब्रीसाने दिली. म्हणाली, "तुझ्या तारखा लक्षात राहत नाहीत. उद्या कुणा साहेबाने विचारलं, ऑगस्टात कुठे होतास, तर तू त्याला एखाद्या कुत्र्याची गोष्ट सांगत बसशील." खरंय. लग्नाच्या मुलाखतीत मी तेच केलं होतं. साहेबाने विचारलं, बायको पहिल्यांदा कुठे भेटली, तर मी लाँड्रीतल्या बंद पडलेल्या यंत्रापासून सुरुवात केली. यंत्रात अडकलेल्या मोज्यापर्यंत आलो तेव्हा साहेब म्हणाला, पुरे, पटलं.

तर तारीख लिहून झाली. आता कागद. काल ब्रीसाने मला टेबलापाशी समोर बसवलं आणि शाळेसारखं पाठ करून घेतलं.

"हे तुझं ग्रीन कार्ड. याची मुदत मार्चमध्ये संपली. का?"

"लग्नावर मिळालेलं पहिलं कार्ड दोनच वर्षांचं असतं म्हणून."

"मग परत कसा येणार?"

"या पत्रावर. पक्क्या कार्डाचा अर्ज पोचलाय, जुनं कार्ड अठ्ठेचाळीस महिने चालू धरा, असं यात लिहिलंय."

"कार्ड एकटं दाखवलंस तर?"

"मेलेलं."

"पत्र एकटं दाखवलंस तर?"

"नुसता कागद."

"आणि दोन्ही मिळून?"

"मी."

मला वाटलं हसेल. हसली नाही. पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, घडी घालायची नाही, भिजवायचं नाही, कुणाला त्यावर काही लिहू द्यायचं नाही. अठराला परत यायचं. तेवीसला तिचा कार्यक्रम आहे. नर्सिंगच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकीला मंचावर बोलवून बिल्ला लावतात, आणि तो लावणारा माणूस जिने तिने निवडायचा असतो. ब्रीसाने मला निवडलंय. सासूबाई म्हणाल्या, "आईला काय पिन टोचता येत नाही?" मग भांडी घासता घासता ब्रीसाला म्हणाल्या, "एकदा दहा वर्षांचं कार्ड हातात पडू दे त्याच्या, मग बघ." काय बघ ते मला कळलं नाही. मोठं घर बघायचं म्हणत असतील.

जायचं कारण लिहायचं राहिलं. फोरोमामाचा फोन आला. खरं नाव क्रिसोफोरो, माझ्या आईचा भाऊ, आमच्या गावच्या बँडचा मास्तर. गावचा ट्यूबावाला, म्हणजे बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य फुंकणारा अबेलिनो जूनमध्ये उत्तरेला, अमेरिकेत निघून गेला, आणि तेराला आमच्या संताची जत्रा. ट्यूबाशिवाय बँड म्हणजे बिनपायाची खाट. मी नऊ वर्षांचा असताना शाळेतून पळून मामाच्या तालमीच्या खोलीत लपायचो, तिथे सगळ्यात मोठी लपायची जागा म्हणजे ट्यूबा. असा मी शिकलो. इथे मी लोकांच्या भिंती रंगवतो आणि रविवारी वाजवतो.

विमान लागलं. समोरच्या बाईच्या पिशवीत जिवंत काहीतरी आहे. बघून येतो.

५ ऑगस्ट, मंगळवार. सान कासियानो यालागी

ससा होता.

ओआहाका शहरातून गावापर्यंत व्हॅनने पाच तास. वाटेत दरड कोसळली होती, सगळे खाली उतरून दगड बाजूला करत होते, तिथे एका माणसाशी ओळख झाली. तो मधमाश्या पाळतो. त्याचं शेत बघायला गेलो तर व्हॅन निघूनच गेली. दुसरी मिळाली. गावात पोचलो तर मामा रस्त्यावरच उभा. मिठी मारली, मग मागे होऊन माझं पोट दाबलं.

"श्वास आहे का अजून आत, की सगळा रंगाच्या वासाने खाल्ला?"

"आहे की मामा."

"मग चल. तालीम सुरू झालीय."

हातात बॅग तशीच. आंघोळही नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

उत्तरेतून येणाऱ्याने पहिल्या दिवशी पंचायतीत जाऊन नाव नोंदवायचं, ही आमच्या गावची रीत. मी दुसऱ्या दिवशी गेलो. सचिवाच्या खुर्चीत एलोदिया! शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होती. बँडमध्ये बॅरिटोन वाजवते, म्हणजे ट्यूबाची धाकटी बहीण म्हणा.

"आलास? शाळेचा रस्ता चुकून लॉस एंजेलिसला गेलेला तो तूच ना?" असं म्हणून कागद मागितले. कार्ड उलटंपालटं केलं. "ओदी, हे तर मेलंय."

मी पत्र काढलं. ब्रीसाने शिकवलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. तेवढ्यात गावचे अध्यक्ष आले, खजिनदार आला, दोघांनी पत्र उजेडात धरलं.

अध्यक्ष म्हणाले, "शिक्का कुठाय?"

"शिक्का नसतो त्यांच्यात."

"सही?"

"छापलेलीच असते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या गावात कोंबडी विकल्याची पावतीसुद्धा तीन शिक्क्यांशिवाय खरी धरत नाहीत. अध्यक्षांचा जीव पार कळवळला. "असल्या उघड्या कागदावर आमचं पोर सीमा ओलांडणार? नाही. सान कासियानोचा माणूस असा अनाथासारखा जाणार नाही." खणातून शिक्का काढला, त्यावर हा: करून फुंकर मारली, आणि दण्. मग न्यायपंचांचा शिक्का. मग खजिनदाराचा. तिन्ही जांभळे, गोल, मधोमध गरुड. खाली अध्यक्षांनी सहीही केली, शेपटीवाली.

ब्रीसाचं बोलणं मला आठवत होतं. अगदी पहिला शिक्का पडण्याआधी आठवत होतं. पण म्हातारा माणूस फुंकर मारत असताना त्याला थांबवायचं कसं? मी "आभारी आहे" म्हणालो. एलोदियाने डोळे मिटून घेतले.

मग मामा आला. म्हणाला, घरात उंदीर, पावसाळ्याचे दिवस, पत्र पंचायतीच्या लोखंडी कपाटात ठेव. किती विचार करतो माझा. ठेवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

रोज दोनदा तालीम. ओठ सुजलेत.

"ओदी, तू वाजवतोस की ढेकर देतोस?"

"मामा, तुम्हीच म्हणालात जोरात."

"जोरात म्हणालो. जेवल्यासारखं नाही म्हणालो."

सगळे हसतात. मजा येते. ब्रीसाला फोन करायला पाण्याच्या टाकीशेजारच्या टेकाडावर चढावं लागतं, तिथेच सिग्नल आहे. वाटेत एक पेरूचं झाड लागतं. आज झाडापर्यंतच पोचलो.

१३ ऑगस्ट, बुधवार. जत्रा

आमचा संत कासियानो शाळामास्तर होता. त्याच्याच विद्यार्थ्यांनी त्याला लिहायच्या टोकदार लेखण्यांनी भोसकून मारलं. लहानपणी मला देवळात जायची भीती वाटायची, तो माझ्याकडे बघतोय असं वाटायचं. आता वाटतं, मी तर फक्त पळालो. त्याच्या हिशेबात मी गुणी पोरगाच.

सकाळी शेजारचा सान बार्तोलोचा बँड आला. आम्ही वेशीवर जाऊन त्यांना वाजवत आणलं, त्यांनी वाजवत उत्तर दिलं. ही आमची गोसोना. तुम्ही आमच्या जत्रेत वाजवा, आम्ही तुमच्या जत्रेत येतो. पैशांचं नाव नाही, फक्त जेवण आणि शब्द. त्यांच्याकडे दोन ट्यूबा! माझ्या एकट्याच्या जिवावर मी दोघांना पुरून उरलो. शेवटी मामाने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. लॉस एंजेलिसमध्ये माझ्या पाठीवर अशी थाप फक्त शिडीवरून पडताना बसलीय.

सान बार्तोलोचे मास्तर निघताना म्हणाले, "चोवीसला आमच्याकडे. पूर्ण बँड हं." मामा म्हणाला, "एक माणूस कमी असणार नाही," आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात मक्याच्या पिठाचा गरम तमाल होता. मी मान हलवली. मला वाटलं, आणखी वाढू का विचारतोय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पत्र आणायला गेलो. कपाटाची किल्ली खजिनदाराकडे, आणि मामा म्हणतो, खजिनदार डोंगरावर मक्यात.

"कधी येणार?" मी एलोदियाला विचारलं.

"ट्यूबा थांबला की."

हसलो. शाळेपासून ती अशीच काहीतरी बोलते.

१७ ऑगस्ट, रविवार

बॅग भरली. किल्ली नाही. मामा म्हणाला, "विमानं काय, रोज उडतात. सगळ्या पोरांना सांगितलंय, तू सान बार्तोलोला येतोयस." मी म्हणालो, मामा, ब्रीसाचा बिल्ला. तो म्हणाला, "बिल्ला पळून जातोय का?" मग स्वतः कोंबडी कापली. मामा कोंबडी सहसा कापत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

विमान माझ्याशिवाय गेलं. टेकाडावर चढलो.

"ब्रीसा, थोडा उशीर होईल. खजिनदार मक्यात आहे."

"खजिनदार मक्यात."

"हो, आणि पत्र कपाटात."

"पत्र कपाटात."

"उंदरांमुळे."

मी म्हणालो, सासूबाईंना नीट समजावून सांग. ती म्हणाली, "आई इथेच बसलीय. सगळं ऐकलं तिने." मग म्हणाली, "ठीक आहे, ओदी." किती शांत! दुसरी कुणी असती तर ओरडली असती. फक्त मी कधी येणार ते तिने विचारलं नाही. विसरली असेल, परीक्षा संपल्यावर डोकं रिकामं होतं.

इथे कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. फोन ठेवल्यावर मी टेकाडावर तासभर बसलो. खाली तालमीच्या खोलीतून कुणीतरी सूर लावत होतं. चौकातून जाताना लोक मला वाट देतात, म्हाताऱ्या खुर्ची देतात. तिकडे मला कुणी वाट देत नाही, मीच शिडी सरकवतो. मनात आलं, ही किल्ली महिनाभर नाहीच आली तर? विचार येऊन शेजारी बसला. हाकलला. तो चार पावलं गेला आणि तिथेच बसून राहिला. मग मला ब्रीसाची आठवण आली, ती पुस्तक वाचताना पायाच्या अंगठ्याने टेबलाचा पाय खाजवते, आणि मी उठलोच.

पंचायतीत गेलो. कपाट हलवून पाहिलं. जड आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी तालमीच्या खोलीत एलोदिया आली. ट्यूबाकडे बोट दाखवून म्हणाली, "मला शिकव."

"तुला कशाला?"

"बॅरिटोनच्या कळा आणि याच्या कळा सारख्याच आहेत. फुंकायचं मोठं भांडं एवढंच. तीन वर्षांपूर्वी तुझ्या मामाला विचारलं होतं. म्हणाला, बाईच्या कंबरेला झेपत नाही. सरपणाची मोळी झेपते, पाण्याचे डबे झेपतात, पितळ झेपत नाही."

मला तरी काय काम होतं. शिकवलं. पहिले चार सूर म्हशीसारखे आले, पाचवा असा आला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. संध्याकाळपर्यंत तिने सान बार्तोलोला वाजवायच्या अकरातले सहा तुकडे बसवले. मी म्हणालो, तू घरी चोरून वाजवत होतीस. ती म्हणाली, "चोरून नाही. तुम्ही कुणी ऐकत नव्हता."

मग घाम पुसता पुसता तिने विचारलं, "तुझी बायको एवढी कशासाठी बोलावतेय तेवीसला?"

मी बिल्ल्याचं सांगितलं. मंचावर बोलावतात, एकच माणूस निवडायचा असतो, वगैरे.

"तिने तुला निवडलंय?"

"हो."

"आणि तू इथे बसून मला श्वास घ्यायला शिकवतोयस."

"तूच म्हणालीस शिकव."

तिने ट्यूबा पुन्हा मांडीवर ओढला. मग म्हणाली, "गाढवा, उरलेले पाच तुकडे दाखव. आत्ता." इतकी घाई कशाची देव जाणे.

२० ऑगस्ट, बुधवार

काय झालं ते नीट, क्रमाने लिहितो. ब्रीसा म्हणते, क्रमाने.

सकाळी एलोदिया खोलीत वाजवत होती आणि मी बाहेर भिंतीवर बसून पेरू खात होतो. देवळाकडून मामा येताना दिसला, हात वर करून, डोळे मिटून, चालता चालता ताल धरत. लांबूनच ओरडला, "शाब्बास ओदी! आज पहिल्यांदा माणसासारखा वाजवतोयस!"

मी पेरू गिळला. म्हणालो, "मामा, मी इथे आहे."

मामा थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. आतून सूर चालूच. तो दारात जाऊन उभा राहिला. एलोदियाने त्याला पाहिलं पण थांबली नाही, उलट डोळे वटारून शेवटपर्यंत वाजवलं. तुकडा संपला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. मामा टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "दुसरी ओळ पुन्हा. तिथे घाई करतेस."

तिने पुन्हा वाजवली.

"आता?"

"आता बरं. कंबर दुखते?"

"सरपणाने दुखते."

मामाने टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "चोवीसला पांढरा सदरा घालून ये. ट्यूबावाला पुढच्या रांगेत उभा राहतो."

एलोदिया म्हणाली, "मग आता त्याला सोडा, मास्तर."

मला कळलं नाही, कुणाला. मामाने खिशात हात घातला. आधी रुमाल निघाला, मग सुपारीसारख्या कसल्यातरी बिया, मग किल्ली. "अगं, ही माझ्याकडेच राहिली होती वाटतं." सहासष्ट वर्षांचा झालाय, विसरतो माणूस. गंमत म्हणजे खजिनदार त्या वेळी चौकातच शेंगा सोलत बसला होता. म्हणाला, मी आठवडाभर इथेच आहे. मला जरा विचित्र वाटलं, पण तेवढ्यात मामाने माझे दोन्ही खांदे धरले. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, "बाळा, सगळे जातात रे. अबेलिनो गेला, त्याच्याआधी दोघे गेले. एखादा जरा उशिरा गेला तर काय बिघडतं, असं वाटलं." मी म्हणालो, "काही बिघडत नाही, मामा. पुढच्या वर्षी येतो."

कपाट उघडलं. अध्यक्ष धावत आले, त्यांच्या हातात शिक्का होताच. एलोदिया "नको, नको" म्हणेपर्यंत चौथा शिक्का बसला: गावातून रीतसर निघाल्याचा. तारखेसकट.

२१ ऑगस्ट, गुरुवार. ओआहाका, विमानतळ

काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिलं, कपाळाला आठ्या. पत्र दिलं, आठ्या गेल्या. पत्र पिशवीतून पूर्ण बाहेर काढलं, आठ्या दुप्पट.

"हे काय आहे?"

"आमच्या गावाचे शिक्के."

"अमेरिकेच्या सरकारी पत्रावर?"

"हो."

"का?"

"प्रेमाने."

तिने मोठ्या साहेबाला बोलावलं. तो म्हणाला, कागदात फेरफार झालाय. मी म्हणालो, फेरफार नाही, भर पडलीय, खालचं एक अक्षरही झाकलं गेलेलं नाही, वाचा की. त्याने वाचलं, फोन लावला, तो कुणी उचलला नाही. म्हणाला, माफ करा, आम्ही चुकीचा माणूस नेला तर दंड आम्हाला बसतो. विमान गेलं. माझं या महिन्यातलं दुसरं.

मी बॅगेवर बसलो. पहिल्यांदाच मला कुठेही जाऊन काही बघावंसं वाटलं नाही. शेजारी कुत्रं होतं, तरी नाही.

ब्रीसाला फोन केला. सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वाढवता.

"शिक्के मारले? किती?"

"चार."

"तू काय म्हणालास त्यांना?"

"आभारी आहे म्हणालो."

मग तिकडून एक आवाज आला. हसत होती की रडत होती सांगता येत नाही, फोनवर दोन्ही सारखंच वाटतं. मी म्हणालो, ब्रीसा, मला तिथे यायचंय. हे मी तिला आधी कधी म्हणालो होतो का, आठवत नाही. ती म्हणाली, "मग ये ना रे."

मागच्या रांगेतून एक मावशी हे सगळं ऐकत होती. नाव रेफुहिया, मुलीकडे लॉस एंजेलिसला चाललेली, पिशवीतून मोले मसाल्याचा वास. माझी कॉलर धरून म्हणाली, "पोरा, तुला सीमेवरून उडत जायला कुणी सांगितलं? तिहुआनापर्यंत विमानाने जा. ते आपल्याच देशात, तिथे हा कागद कुणी विचारत नाही. पुढे सीमा चालत ओलांड. तिथले साहेब आपलं पत्र स्वतः वाचतात. इथले फक्त घाबरतात. मी दरवर्षी तशीच जाते, स्वस्त पडतं. चल, माझ्या पिशव्या उचल."

उचलल्या. तीन पिशव्या. संध्याकाळी तिहुआनात, तिच्या भाचीकडे मुक्काम.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. सीमेवर आणि पलीकडे

सकाळी सहाला रांगेत. आमच्या पुढे हजारभर माणसं. रांगेच्या कडेने सगळं विकायला: तळलेले गोड चुरो, घोंगड्या, प्लास्टरचे सिंह. एका माणसाचा सिंह गाडीवरून पडून कान तुटला, मी चिकटवायला मदत करायला निघालो तर मावशीने मागे ओढलं. "लग्न झालंय ना तुझं? मग रांगेत राहा." तिचं बरोबर होतं. सिंहाचा कान मात्र उलटा चिकटवला त्याने, मी लांबून पाहिलं.

दहाला खिडकी. साहेबाने शिक्के पाहिले आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. मावशीने जाताना हातात एक तोर्तिया, मक्याची पोळी, कोंबली. "खरं बोल आणि थोडं बोल," म्हणाली.

आत दोन तास. मग एक बाई आल्या, छातीवर नाव ओकाफोर, चष्मा नाकाच्या टोकावर. पत्र टेबलावर पसरलं.

"हा पहिला कशाचा?"

"अध्यक्षांचा. त्यांना पत्र अनाथ वाटलं."

"दुसरा?"

मी न्यायपंचांचं सांगितलं. त्या एकीकडे माझा नंबर संगणकात टाकत होत्या. मी तिसऱ्या शिक्क्यावर, म्हणजे खजिनदार आणि मक्यावर आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांबा. संगणक हो म्हणतोय. तुमचं सगळं ठीक आहे."

मी उठलो.

"बसा. चौथा कशाचा?"

बसलो. चौथा सांगितला. मग एलोदियाचं सांगावं लागलं, मग मामाच्या खिशाचं. किल्लीवर आल्यावर त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "आणि तुम्हाला वाटतं, मामा विसरला?"

"सहासष्ट वर्षांचा आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "बायकोने कधी परत यायला सांगितलं होतं?"

"अठराला."

"आज?"

"बावीस."

त्यांनी पासपोर्टावर शिक्का मारला. पत्रावर नाही. "इथलं माझं काम झालं. त्या चार दिवसांचं जे काही आहे, ते माझ्या खात्यात येत नाही. पळा."

बाहेर मावशी तिन्ही पिशव्यांवर बसून माझी वाट बघत होती. खरं तर पुढे निघून जायला हवं होतं तिला. बस एकत्रच पकडली.

२३ ऑगस्ट, शनिवार. लॉस एंजेलिस

काल घरी पोचलो तर दार सासूबाईंनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं, जणू आणखी कुणी येणार होतं. म्हणाल्या, "आलास?" मी म्हणालो, "आलो." असं त्यांनी तीनदा विचारलं. म्हातारपण सगळीकडे सारखंच.

ब्रीसा आतल्या खोलीत सदऱ्याला इस्त्री करत होती. माझ्या सदऱ्याला. मी अजून आलेलो नसताना. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "दाखव." पत्र दिलं. तिने चारही शिक्के बोटाने चाचपले, एकेक वाचला, मग खाली बसून इतकी हसली की इस्त्रीने कॉलर करपली. करपलेल्या कॉलरचाच सदरा घालून गेलो.

कार्यक्रमात सव्वीस मुली. प्रत्येकीचं नाव पुकारायचे, कुणाची आई वर जायची, कुणाचा बाप, एकीची सहा वर्षांची मुलगी. आमचं नाव आलं. मी वर गेलो. पिन तिसऱ्या वेळी बसली. ती कुजबुजली, "टोचतंय." मी म्हणालो, "सॉरी." ती म्हणाली, "नाही, राहू दे."

नंतर चहाच्या टेबलाशी तिच्या बाई भेटल्या. "अच्छा, ओदिलोन म्हणजे तुम्ही! तुमची बायको भलती हट्टी. अठरानंतर मी तिला तीनदा म्हणाले, दुसऱ्या कुणाचं नाव दे, फॉर्म बदलू, आई आहे ना तुझी. दर वेळी एकच उत्तर, आहे तेच राहू द्या."

आत्ता बसमध्ये आहोत, घरी चाललोय. मघाशी ब्रीसाला विचारलं, बाई म्हणत होत्या तर नाव का नाही बदललंस? डोळे मिटूनच म्हणाली, "नवा फॉर्म भरायचा कंटाळा आला."

खरं असणार. लग्नाच्या कागदांपासून या पत्राच्या अर्जापर्यंत दोनेकशे पानं तिनेच भरलीत. माझं नाव, माझा जन्म, माझ्या आईचं गाव, सगळं तिच्या अक्षरात, फक्त सह्या माझ्या. माणूस कंटाळणारच.

ती झोपलीय. माझा उजवा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलाय, म्हणून हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं आलंय. आमचा थांबा मघाशी मागे गेला. तिला उठवत नाही.